हुकावरचा पिवळा कोट

६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बाबांना सांगायच्या आधी तुला लिहिते आहे, कारण बाबा ऐकून घेतील आणि गप्प बसतील. तू निदान ओरडशील.

तोंडी परीक्षेत मी नापास झाले. लेखीत शंभरात एक्क्याऐंशी, मैदानावरच्या मोजणीत वर्गात दुसरी, आणि तोंडीत भोपळा. टेबलापलीकडे दोघं बसले होते, आमचे विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. त्यांनी विचारलं, "दुर्बीण तिपाईवर बसवली की आधी काय करायचं?" आत्या, आधी पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मधोमध आणायचा. भूमापनाच्या वर्गातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी रोज सकाळी तेच करते, माझ्या बोटांना ते पाठ आहे. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. पाणी दिलं, प्यायले. मग बाहेरचे परीक्षक जरा वाकून, हळू आवाजात म्हणाले, "मुली, तुला ऐकू येतं ना?" चिडून नव्हे, काळजीने विचारलं. तेच जास्त लागलं.

डिसेंबरात पुन्हा एक संधी आहे. तेव्हाही तोंड उघडलं नाही तर वर्ष गेलं, आणि वसतिगृहातली जागाही. मग मी घरी.

विभागप्रमुखांनी आणखी एक सांगितलं. आमच्याकडे तळमजल्यावर एक चित्रखोली आहे. बुधवारी आणि शनिवारी दुपारी तिथे जायचं. तिथल्या बाई आधी इस्पितळात काम करायच्या, बोलणं बंद झालेल्या माणसांबरोबर. त्यांच्या हातात सदोदित रंग पुसायचा बोळा असतो, म्हणून सगळे त्यांना बोळाबाई म्हणतात. त्यांच्या पाठीमागे. (मी तर पुढेही काही म्हणत नाही.)

माझ्या खोलीत दुसरी एक मुलगी आहे. तिला मी मनात टकळी म्हणते. ती झोपेतसुद्धा बोलते. एकाच खोलीत देवाने बोलण्याची वाटणी कशी केली बघ.

फोन करू नकोस. फोन वाजला की मी तो उशीखाली घालते, आणि तुझा असला तर दोन उशांखाली.

तुझी,
ठकू


११ सप्टेंबर

प्रिय ठकू,

ओरडते! ओरडू नको तर काय करू? एक्क्याऐंशी गुण डोक्यात घेऊन जी मुलगी दोन माणसांसमोर पाणी पिऊन परत येते, तिच्यावर ओरडायचं नाही तर कुणावर?

ऐक. एकतीस वर्षं मी वर्गात उभी राहिले. माझ्या बैठकीच्या खोलीत आजही संध्याकाळी अकरा पोरं भाषण शिकायला येतात. मी पाहिलंय, या जगात ज्याच्या हातात सत्य असतं त्याचं ऐकत नाहीत, ज्याच्या तोंडात शब्द असतात त्याचं ऐकतात. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. हे असं आहे. न बोलणाऱ्याच्या जमिनीवर बोलणारे लोक घरं बांधतात. तू जमीन मोजायला शिकते आहेस, तेव्हा हे वाक्य वहीत लिहून ठेव.

आता उपाय. रोज सकाळी आरशासमोर दहा मिनिटं, मोठ्याने. विषय कोणताही. बुडबुडा घे. "बुडबुडा आणि मी." खिडकीतून बाहेर बघत नाही, आरशात बघत. आणि ती जी टकळी आहे ना, तिला सांग, रोज पाच मिनिटं तू गप्प बसायचं आणि मी बोलायचं. बघू कोण आधी दमतं.

चित्रखोली! परीक्षा तोंडाची आणि औषध हाताला? दात दुखतोय म्हणून टाचेला मलम! कॉलेजात गेलेल्या मुलींना तुझ्या बोळाबाई बोळ्याने दूध पाजणार आहेत की काय? रंगांत लपायला शिकलीस तर आणखी एक लपायची जागा मिळेल, एवढंच. लपायच्या जागा तुझ्याकडे कमी आहेत का? लहानपणी पाहुणे आले की तू पलंगाखाली जायचीस. मी पाय धरून ओढून काढायची.

तुझ्या बाबाला सांगितलं. तो चष्म्याची काच घासत होता. त्याने यंत्र बंद केलं, काच पुसली, पुन्हा यंत्र सुरू केलं. एवढंच.

तुझी,
आत्या


२४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आरशासमोर एकदा उभी राहिले. "बुडबुडा आणि मी" एवढं म्हटलं आणि मागून टकळीने टाळ्या वाजवल्या. आता ती खोली मी तीन दिवस टाळते आहे.

चित्रखोलीचं सांगते. तू नाक मुरडशील, तरी सांगते. एक लांब टेबल आहे, त्यावर जुने डाग. भिंतीवर एकही चित्र लावलेलं नाही. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तर बोळाबाई म्हणाल्या, "आत आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल, फक्त दार उघडं ठेवू नका, कागद उडतात." मी आत गेले. कागदांसाठी.

तिथे नियम आहेत. कुणाच्याही कागदाकडे बघून "हे काय आहे?" विचारायचं नाही. "छान" म्हणायचं नाही. आपलं चित्र आपल्या फाइलमध्ये, फाइलला दोरी, दोरीची गाठ आपली. आपली फाइल आपल्याखेरीज कुणी सोडायची नाही, बाईंनीसुद्धा नाही. दोन तासांत बाई चार वाक्यं बोलल्या असतील, त्यांतली दोन कागद उडण्याबद्दल.

आत्या, तुला माहीत आहे का, लोक मला गप्प बसू देतात तेव्हाही ते वाट बघत असतात? मी कधी बोलेन याची. तिथे कुणी वाट बघत नाही. मी पहिले दोन दिवस नुसत्या करड्या रेघा मारल्या, कागद फाटेपर्यंत. तिसऱ्या दिवशी माझा खांदा खाली आला. तो इतके दिवस वर होता हे मला तेव्हा कळलं.

आणि तिथे एक गंमत करतात. जोडकागद. एका कागदाच्या मधोमध घडी. दोघांनी आपापल्या अर्ध्यावर काढायचं, एक अक्षर न बोलता आणि एक अक्षर न लिहिता. हवं तर रेघ घडी ओलांडून नेता येते. माझ्या समोर वरच्या वर्षातला एक उंच मुलगा होता. त्याने नुसती लाट काढली. मी पण काढली. पाऊण तासाने दोन्ही लाटा घडीवर भेटल्या. आम्ही एकमेकांचं नावही विचारलं नाही. परवा जिन्यात दिसला तर मी मान हलवली. त्यानेही हलवली. वसतिगृहात आल्यापासून मी आधी ओळख दाखवायची ही पहिलीच वेळ. म्हणजे जवळजवळ एकाच वेळी.

सोबत एक जोडकागद पाठवते. डावी बाजू मी केली आहे. उजवी तुझी. नियम माहीत आहेत.

तुझी,
ठकू


३० सप्टेंबर

प्रिय ठकू,

तुझा कागद परत पाठवते आहे, माझी बाजू पूर्ण करून.

तुझ्या बाजूच्या त्या पाच मेखा आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा फार नेटक्या आल्यात. शेवटची रेषा पहिल्या मेखेला टेकत का नाही? घाईत राहिली असेल. मी रेघ मारून जोडून टाकली आहे.

माझ्या बाजूला मी अर्धा तास बघत बसले. पेन्सिल धरली. माझ्या हाताला चित्र येत नाही, हे तुला ठाऊक आहे, शाळेत माझं मांजर बघून मास्तरांनी विचारलं होतं, "हे स्टूल कुणाचं?" मग एकदा लिहायला लागले तर भरभर सुचत गेलं. तोंडी परीक्षेसाठी सोळा सूचना आहेत. सातवी आणि बारावी दोनदा वाच. शेवटच्या चार बारीक अक्षरांत घडीपलीकडे, तुझ्या मेखांच्या मधल्या जागेत बसवल्या आहेत. जागा वाया कशाला घालवा?

तुझी,
आत्या


९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझा जोडकागद उघडला आणि मी हसत सुटले. मोठ्याने. टकळी धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. तिला कागद दाखवला. ती म्हणाली, "तुझ्या आत्याला कोरी जागा दिसली की घाबरल्यासारखं होत असेल, मला होतं तसं." मग ती कागद खाली ठेवून म्हणाली, "मी घाबरते म्हणून बोलते, हे मी आत्ताच पहिल्यांदा म्हटलं." हे सगळं तुझ्या सोळा सूचनांमुळे झालं. म्हणजे कामाला आल्या.

शेवटची रेषा मी घाईत सोडली नव्हती. असू दे. कधीतरी सांगेन.

आज तुला फाइलमधलं एक चित्र पाठवते आहे. हे मला माझ्या सगळ्या चित्रांत जास्त आवडतं. बाई म्हणाल्या, "फाइल तुमची, कुणाला द्यायचं तुम्ही ठरवा." आधी टकळीला दाखवणार होते, पण धीर झाला नाही. म्हणून तुला. फक्त बघ. हे काय आहे ते विचारू नकोस, सोळा सूचना नकोत. बघून झालं की परत पाठव.

तुझी,
ठकू


१७ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

बघितलं. विचारत नाही. तुझा नियम पाळते आहे, जिभेला गाठ मारून.

पण माझ्यापासून काय लपणार? बंद दार. दाराखालून येणारी बारीकशी उजेडाची पट्टी. आणि दाराच्या आतल्या हुकावर लटकलेला तो पिवळा, रिकामा कोट, आत माणूस नसलेला, त्याला एकच मोठं हिरवं बटण, डोळ्यासारखं उघडं. चहा निवून गेला, तरी मी बघतच होते. माझ्या पोरी, तू आतून इतकी एकटी आहेस हे मला एकोणीस वर्षांत कळलं नाही. मी तुझे पाय धरून ओढत राहिले.

तुझं चित्र एवढ्यात परत पाठवत नाही. मला त्याच्याकडे अजून बघायचं आहे. येत्या एकवीस तारखेला वाचनालयाच्या सभेत माझं भाषण आहे, तरुण मुलांच्या एकाकीपणावर. चार दिवस वाक्य सापडत नव्हतं. आता सापडलं.

तुझी,
आत्या


२९ ऑक्टोबर

आत्या,

मी तुला ते चित्र बघायला दिलं होतं. दाखवायला दिलं नव्हतं.

तुझ्या भाषणाची चित्रफीत आमच्या वसतिगृहात सगळ्यांच्या फोनवर आहे. कुणाच्या तरी मावशीने पाठवली. तू माझं नाव घेतलं नाहीस, हे खरं. "माझी भाची, भूमापनाच्या पहिल्या वर्षाला" एवढंच म्हणालीस. पण मागे भिंतीवर माझं चित्र खिडकीएवढं मोठं केलेलं होतं, आणि तो कोट इथे सगळ्यांना माहीत आहे. पिवळा कोट आणि एक हिरवं बटण, कारण खरं बटण हरवलं आणि टकळीने हाताला लागेल ते शिवलं.

हो, टकळीचा. तो कोट टकळीचा आहे.

तू म्हणालीस, "हुकाला टांगलेलं हे एका मुलीचं रिकामं आयुष्य आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या, तो कोट हुकावर असतो तेव्हा टकळी घरी आलेली असते. ती बाहेर गेली की हूक रिकामा. पहिले दोन महिने मी हुकाकडे बघायचे तेव्हा मला वाटायचं, बरं झालं, रिकामा आहे, शांतता आहे. मग सप्टेंबरात एक दिवस खोलीत शिरले, दार लावलं, वळले आणि कोट दिसला, आणि मला बरं वाटलं. कुणीतरी घरी आहे म्हणून. असं मला इथे कधी झालं नव्हतं. तेच काढलं होतं. ते माझ्या एकटेपणाचं चित्र नव्हतं, आत्या. ते संपल्याचं होतं.

आता जिन्यात मुली मला बघून हळू आवाजात बोलतात, इस्पितळात बोलतात तसं. एकीने दारावर चिठ्ठी लावली, "तू एकटी नाहीस." चांगल्या मनाने लावली असेल. मी ती बघून आत गेले आणि संध्याकाळी जेवायला गेले नाही.

टकळीने आधी हसून फोन दाखवला होता, "अगं, माझा कोट गाजला!" मग माझा चेहरा बघितला. दुसऱ्या दिवसापासून तिने कोट कपाटात ठेवायला सुरुवात केली. मला त्रास नको म्हणून. तिला वाटतं मला तो कोट बघून रडू येतं. आणि तसं नाही हे मला तिला सांगता येत नाही. तोंड उघडतं, शब्द येत नाहीत.

बुधवारी चित्रखोलीत गेले नाही. शनिवारीही नाही. डिसेंबरची परीक्षा मी देणार नाही. नोव्हेंबरअखेर सामान बांधून घरी येते. बाबांना तू सांग. सांगणं तुला जमतं.

ठकू


२ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तुला दुखावण्याचा माझा हेतू नव्हता, हे तू जाणतेस. सभागृहात दोनशे माणसं होती. भाषणानंतर तीन आया माझ्याकडे रडत आल्या, आमचंही पोर असंच आहे म्हणाल्या. त्यांतल्या एखाद्या घरात त्या दिवशी दार ठोठावलं गेलं असेल तर ते काही कमी आहे का? जे खरं आहे ते चव्हाट्यावर मांडावंच लागतं. माणसं आपापल्या दुःखाला दोऱ्या बांधून फाइलमध्ये ठेवत राहिली असती तर जगात एक तरी अन्याय हलला असता का?

कोटाचा अर्थ चुकला असेल. पण चित्र एकदा जगात आलं की बघणाऱ्याचंही होतं.

परीक्षा सोडून येणं म्हणजे पुन्हा पलंगाखाली जाणं. ते मी होऊ देणार नाही.

तुझी,
आत्या


२० नोव्हेंबर

प्रिय ठकू,

अठरा दिवसांत तुझं उत्तर नाही. मी रोज पत्रपेटीपाशी जाते. गप्प माणसाचं गप्प असणं आणि रागावलेल्या माणसाचं गप्प असणं, दोन्हींचा आवाज सारखा येत नाही. हे मला साठीला आल्यावर कळतंय.

मागचं पत्र फाडून टाक. ते मी तुला लिहिलं नव्हतं, सभागृहाला लिहिलं होतं.

काय झालं ते सांगते. तुझ्या बाबाच्या दुकानात गेले होते, तुझी तक्रार घेऊन. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, मग माझं उत्तरही पाठ म्हणून दाखवलं, आवाजाच्या चढउतारासकट. तो काच घासत होता. संपल्यावर यंत्र बंद केलं. म्हणाला, "ताई, मला उत्तर येत होतं."

मी म्हटलं, "कसलं उत्तर?"

"चौथीत. नदीचा प्रश्न. मास्तरांनी मला उभं केलं होतं."

ठकू, ही गोष्ट मी आयुष्यभर भाषणांत सांगत आले. सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसायच्या ती आमची शाळा, माझा धाकटा भाऊ उभा, खाली मान, पोरं हसताहेत, आणि मी मागच्या बाकावरून उठून खणखणीत उत्तर देते, आणि त्या दिवशी मला कळतं की मुक्यांसाठी कुणीतरी बोललंच पाहिजे. माझ्यातली वक्त्री त्या दिवशी जन्माला आली, असं मी म्हणते. टाळ्या पडतात.

तो म्हणाला, "मी उत्तर जुळवत होतो. पहिला शब्द तोंडात आला होता. तू उठलीस. मग पुन्हा मला मास्तरांनी कधी विचारलंच नाही. तुलाच विचारायचे."

मी म्हटलं, "पन्नास वर्षांत सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तू थांबली नाहीस." आणि यंत्र सुरू केलं. रागाने नव्हे. गिऱ्हाईक आलं होतं.

मी घरी आले आणि तुझं चित्र काढून बघितलं. या वेळी वाक्य शोधत नव्हते. कोटाच्या खिशातून एका रुमालाचं टोक डोकावतंय. कॉलर एका बाजूला दुमडलेली आहे, कुणीतरी घाईघाईने येऊन कोट टांगलाय तशी. हे सगळं तू काढलं होतंस. मी शंभर वेळा पाहिलं आणि एकदाही दिसलं नाही, कारण मला रिकामा कोट हवा होता. रिकाम्या कोटात माझं भाषण बसत होतं.

न विचारता तुझी गाठ मी सोडली. ही चूक माझी आहे, हेतू काहीही असो, चूक ती चूकच. चित्रफीत काढून टाकायला लावली. ज्यांच्याकडे पोचली त्यांच्याकडून परत घेता येत नाही, हे मला माहीत आहे. वाचनालयाच्या पुढच्या सभेत उभी राहिले आणि म्हटलं, "मागच्या वेळी मी एक चित्र दाखवलं. ते माझं नव्हतं. मी सांगितलेला अर्थही त्याचा नव्हता." आणि बसले. अध्यक्षांना वाटलं मला भोवळ आली, ते पाणी घेऊन धावले.

तुझं चित्र सोबत परत पाठवते. आणि एक जोडकागद. उजवी बाजू केली आहे. त्यावर एकही अक्षर नाही. मांजर काढलेलं नाही, तेव्हा स्टूल समजू नकोस.

परीक्षेबद्दल काही म्हणत नाही. घरी आलीस तर दार उघडेन, आणि एक प्रश्नही विचारणार नाही. हे माझ्यासाठी किती अवघड आहे ते तुला ठाऊक आहे.

आत्या


१२ डिसेंबर

प्रिय आत्या,

सामान बांधलं होतं. तुझं पाकीट आलं तेव्हा मी ट्रंकेवर बसून कडी लावत होते.

जोडकागद उघडला. तुझं दार, आतून. चौकट वाकडी, कडी जरा जास्तच मोठी. आणि एक हूक, रिकामा. बाकी सगळं कोरं. आत्या, तू इतकी कोरी जागा सोडलीस! तुला किती वेळ लागला असेल आणि हात किती शिवशिवला असेल ते मला दिसत होतं. मी बराच वेळ बघत होते. मग कडी काढली.

आधी टकळीचं सांगते. ती आली, तिने कोट काढला आणि कपाट उघडलं. मला बोलता येईना. मी माझं चित्र तिच्या हातात दिलं आणि बोटाने दाखवलं, रुमाल, कॉलर, मग ती, मग मी. आणि तोंडातून एकच आलं, "हा असला की बरं वाटतं." टकळी पूर्ण एक मिनिट गप्प होती. घड्याळात बघून सांगते. मग तिने कोट हुकावर टांगला आणि म्हणाली, "वेडे, महिनाभर माझ्या कोटाला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतोय, हे आधी नाही का सांगायचं?" आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत होती. मी ऐकत होते. मला आवडलं.

शनिवारी चित्रखोलीत गेले. बोळाबाई म्हणाल्या, "दार लावा, कागद उडतात." इतके दिवस कुठे होतीस, असं काही नाही. मी त्यांना एक चिठ्ठी दाखवली. विभागप्रमुखांना द्यायला लिहिली होती: "मला तोंडी परीक्षेत खुर्चीऐवजी फळ्याजवळ उभं राहू द्यावं, हातात खडू असताना मला बोलता येईल असं वाटतं." मी विचारलं, "बरोबर आहे का?" त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? हात तुमचा आहे." ती चिठ्ठी मीच नेऊन दिली. विभागप्रमुखांनी वाचली आणि म्हणाले, "मोजणीवाल्याला फळा नाही तर काय तबला द्यायचा?"

काल परीक्षा झाली. तेच बाहेरचे परीक्षक. म्हणाले, "बंदिस्त फेरी कशी मोजाल?" म्हणजे एका मेखेपासून निघायचं, दुसरी, तिसरी असं मोजत फिरायचं आणि पुन्हा पहिलीवर यायचं. मी काढायला लागले. पाच मेखा. शेवटची रेषा पहिल्या मेखेच्या जरा अलीकडे थांबवली. तुला पाठवलेल्या पहिल्या जोडकागदावर थांबवली होती तशीच.

ते म्हणाले, "इथे फट राहिली. विसरलात?"

आत्या, मला वाटलं झालं, जीभ चिकटली. खडू फळ्यावर टेकलेलाच होता. मी त्या फटीभोवती एक छोटा गोल काढला. आणि माझा आवाज आला, अगदी बारीक, पण माझाच. "विसरले नाही, सर. फट असतेच. कितीही जपून मोजलं तरी फेरी तंतोतंत जुळत नाही. ती जुळली असं दाखवायला रेघ ओढायची नसते. आधी फट मोजायची, मग ती सगळ्या रेषांवर थोडी थोडी वाटून द्यायची."

ते म्हणाले, "आणि फट फार मोठी असली तर?"

"तर पुन्हा मोजायला जायचं, सर. पहिल्या मेखेपासून."

मग वीस मिनिटं विचारत होते. मी वीस मिनिटं फळा भरत होते. तीन प्रश्नांना शब्द आले नाहीत, ते चित्रानेच सांगितले. शेवटी त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला ऐकू येतं का विचारलं होतं, ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "चुकलं माझं." मी पास आहे. काठावर नाही, बऱ्यापैकी.

बोलकी वगैरे झालेली नाही, उगाच सभा बोलावू नकोस. मेसमध्ये अजून कोपऱ्यातल्या टेबलावरच बसते. मला तो कोपरा आवडतो. फक्त आता तिथे कधी टकळी येते, कधी तो लाटेवाला मुलगा. आले तर चालतं, नाही आले तर चालतं.

तुझी चूक मी वाटून घेणार नाही. ती सगळी तुझी. पण म्हणून फेरी सोडून द्यायची नसते, एवढं मला शिकवलंय.

बावीस तारखेला सुट्टीला येते आहे. जोडकागदाची माझी बाजू टपालाने पाठवत नाही. बरोबर घेऊन येते, तुझ्या टेबलावर बसून करीन. तेव्हा बोललीस तर बघ.

तुझी,
ठकू

ता. क. बाबांना पत्र लिहिलं आहे, वेगळं. त्यात नदीचा तो प्रश्न विचारला आहे. उत्तर त्यांना देऊ दे.


१८ डिसेंबर

प्रिय ठकू,

तुझ्या बाबाने उत्तर दिलं. मी तिथेच होते. थांबले.

एक कबूल करते. माझ्या दाराला हूक नव्हताच, चित्रात मी तो मनाने काढला होता. तुझं पत्र आलं, आणि संध्याकाळी तुझा बाबा हातोडी घेऊन आला. मी चौकटीवर पेन्सिलने खूण केली, त्याने ठोकला.

ये.

आत्या